बल्गेरियन कोणाला म्हणायचे? एका राष्ट्राच्या घडणीची पार्श्वभूमी

१ जानेवारी २०२६पासून बल्गेरियात युरो हे चलन सुरू झाले आणि जुना लेव्ह इतिहासजमा झाला. नव्या दोन युरोच्या नाण्यावर बल्गेरियाने राजाला बसवले नाही, सेनापतीला नाही, राष्ट्राध्यक्षालाही नाही. तिथे आहे अठराव्या शतकातला एक मठवासी साधू, पाईसी हिलेन्दारस्की. त्याने लढाई जिंकली नाही, राज्य केले नाही. १७६२ साली त्याने आपल्या लोकांचा एक छोटेखानी इतिहास हाताने लिहून काढला, एवढीच त्याची कामगिरी. तो इतिहास छापून यायला पुढे ऐंशीहून अधिक वर्षे गेली.

एका साधूच्या हस्तलिखिताला हा मान का मिळतो, ते समजल्याशिवाय बल्गेरियाचे राजकारण समजत नाही. युरोपातली बरीच राष्ट्रे राजांच्या तलवारीने किंवा संसदेतल्या ठरावांनी घडली. बल्गेरियन राष्ट्र उभे राहिले ते प्रार्थना कोणत्या भाषेत म्हणायची आणि शाळेत कोणती लिपी गिरवायची या भांडणातून, आणि तेही स्वतःचा देश नकाशावर येण्याच्या कितीतरी आधी. पुढे देश मिळाला तेव्हा भाषा, धर्म आणि नाव हीच मोजपट्टी त्याच्या हातात होती. ती त्याने शेजाऱ्यांना लावली, स्वतःच्या नागरिकांनाही लावली. त्यातून जे घडले त्याची किंमत आजही चुकती होत आहे.

सुरुवात बरीच जुनी आहे. सातव्या शतकात अस्पारुख या खानाच्या मागोमाग बल्गार नावाचे घोडेस्वार लोक डॅन्यूब ओलांडून दक्षिणेला उतरले. तिथे स्लाव शेतकरी आधीपासून वस्ती करून होते. ६८१ साली बायझंटाईन, म्हणजे पूर्व रोमन, सम्राटाला या नव्या राज्याशी तह करावा लागला आणि बल्गेरिया आजही तेच वर्ष आपल्या राज्याचा जन्म मानतो. पुढच्या दोनेकशे वर्षांत राज्यकर्ते प्रजेत मिसळून गेले. भाषा प्रजेची, म्हणजे स्लाव, राहिली. नाव मात्र राज्यकर्त्यांचे टिकले.

या जुन्या काळातला खरा कळीचा माणूस म्हणजे राजा बोरिस. त्याने ८६४च्या सुमारास ख्रिस्ती धर्म स्वीकारला, पण कॉन्स्टँटिनोपलच्या, म्हणजे आजच्या इस्तंबूलच्या, धर्मगुरूंचे मांडलिक होणे त्याला मान्य नव्हते. त्याला आपल्या राज्यासाठी स्वतंत्र चर्च हवे होते. म्हणून त्याने रोमकडेही हात पुढे केला आणि पोप निकोलस पहिला यांच्याकडे प्रश्नांची भली मोठी यादी पाठवली. ८६६ साली पोपने पाठवलेली १०६ उत्तरे आजही उपलब्ध आहेत. ती वाचताना एक अख्खा समाज दारात उभा राहून आत यावे की नाही हे विचारतो आहे असे वाटते. ख्रिस्ती झाल्यावर विजार घालायला हरकत आहे का? लढाईत घोड्याच्या शेपटीचे निशाण चालेल का? आम्हाला आमचा स्वतःचा मुख्य धर्मगुरू मिळेल का? विजारीला पोपची हरकत नव्हती. मुख्य धर्मगुरूच्या मागणीवर मात्र रोमने टाळाटाळ केली. अखेर ८७० साली कॉन्स्टँटिनोपलनेच बल्गेरियाला आर्चबिशप दिला आणि बल्गेरिया कायमचा पूर्वेच्या ऑर्थोडॉक्स पंथात गेला.

स्वतंत्र धर्मगुरू मिळाला, तरी भाषा अजून ग्रीकच होती. स्लाव भाषेसाठी ग्लागोलिटिक ही पहिली लिपी तयार करणारे सिरिल आणि मेथोडियस हे बंधू मध्य युरोपातल्या मोराव्हियात काम करत होते. मेथोडियसच्या मृत्यूनंतर त्यांच्या शिष्यांना तिथून हाकलून लावण्यात आले. ८८६ साली क्लेमेंट आणि नाउम हे त्यांतले दोघे बोरिसच्या आश्रयाला आले. क्लेमेंटला ओह्रिदच्या (आजच्या उत्तर मॅसिडोनियातल्या) परिसरात पाठवण्यात आले आणि तिथे त्याने हजारो शिष्य शिकवून तयार केल्याचे त्याच्या चरित्रात म्हटले आहे. ८९३ साली राजधानी प्रेस्लावला हलली आणि चर्चचा व राज्याचा कारभार स्लाव भाषेत सुरू झाला. आज रशियापासून मंगोलियापर्यंत वापरली जाणारी सिरिलिक लिपी याच प्रेस्लावच्या विद्याकेंद्रात आकाराला आली. २००७ साली बल्गेरिया युरोपीय संघात गेला तेव्हा संघाला तिसरी अधिकृत लिपी मिळाली. बल्गेरियन माणूस ही गोष्ट जितक्या अभिमानाने सांगतो तितक्या अभिमानाने तो कुठलीच लढाई सांगत नाही. २४ मे हा तिथे लिपीचा, शिक्षणाचा आणि संस्कृतीचा दिवस असतो. त्या दिवशी शाळेतली मुले फुलांनी सजवलेली सिरिल-मेथोडियसची चित्रे घेऊन मिरवणूक काढतात.

पुढचा मध्ययुगीन इतिहास चढउतारांचा आहे. बोरिसचा मुलगा सिमेओन याच्या काळात राज्य शिखरावर पोहोचले. १०१४मध्ये सम्राट बेसिल दुसरा याने हजारो बल्गेरियन कैद्यांचे डोळे काढल्याचे इतिवृत्तकार सांगतात, आणि १०१८पर्यंत सारे राज्य बायझंटाईन साम्राज्यात गेले. ११८५मध्ये आसेन आणि पेटर या भावांनी बंड करून टर्नोव्होला दुसरे राज्य उभे केले. १३९३मध्ये टर्नोव्हो ऑटोमन तुर्कांच्या हाती पडले, १३९६मध्ये विदिनही गेले. त्यानंतर जवळजवळ पाचशे वर्षे बल्गेरियन राज्य नावाची गोष्ट अस्तित्वात नव्हती.

या पाच शतकांकडे पाहताना एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी लागते, नाहीतर पुढचे काहीच कळत नाही. ऑटोमन सुलतानाच्या दफ्तरात माणसाची ओळख त्याच्या धर्माने होई. सारे ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती एकाच समूहात गणले जात आणि त्या समूहाचा प्रमुख असे कॉन्स्टँटिनोपलचा ग्रीक धर्मपीठाधीश. विवाह, वारसा, शाळा, चर्चचे कर, सगळे त्याच्या हाती. साम्राज्यात उरलेले ओह्रिदचे धर्मपीठही १७६७मध्ये बंद करण्यात आले. म्हणजे बल्गेरियन शेतकऱ्याचा कर तुर्क अधिकारी घेई आणि त्याचा बिशप ग्रीक असे. थोडाफार पैसा आणि शिक्षण हाती आलेला शहरातला बल्गेरियन तर घरातही ग्रीक बोलू लागे, कारण प्रतिष्ठेची भाषा तीच होती.

नेमक्या याच माणसावर पाईसी चिडला होता. आजच्या ग्रीसमधल्या माउंट एथॉसवरच्या हिलेन्दार मठात तो राहत होता. तिथे सर्ब आणि ग्रीक साधू बल्गेरियनांना तुम्हाला इतिहासच नाही म्हणून हिणवत. पाईसीने मठांमधली जुनी कागदपत्रे चाळली, प्रवास केला, आणि १७६२ साली झोग्राफ या बल्गेरियन मठात आपले लेखन पुरे केले. शास्त्रशुद्ध इतिहास म्हणून त्यात खूप उणिवा आहेत. पण त्याचा सूर कुठल्याही शास्त्रापेक्षा जोरकस आहे. स्वतःला बल्गेरियन म्हणवून घ्यायची लाज का वाटते, आपल्याच भाषेत का वाचत-बोलत नाहीस, आपल्याला राजे नव्हते का, असे तो वाचकाला तोंडावर विचारतो. तीन वर्षांनी, १७६५मध्ये, कोतेल गावच्या एका धर्मगुरूने त्याची पहिली नक्कल उतरवली. पुढे तो सोफ्रोनी व्राचान्स्की म्हणून प्रसिद्ध झाला. ही प्रत त्याने गावच्या चर्चमध्ये ठेवली आणि जो कोणी ती चोरेल त्याला शाप असो, असे त्यात लिहून ठेवले. अशा हस्तलिखित नकला गावोगाव फिरत राहिल्या. मूळ मसुदा झोग्राफ मठातच होता. १९८०च्या दशकात बल्गेरियाच्या कम्युनिस्ट गुप्तचर खात्याने तो मठातून पळवला आणि १९९८मध्ये राष्ट्राध्यक्ष पेटर स्तोयानोव्ह यांनी मठाला परत केला. ज्या ग्रंथाने राष्ट्र जागे केले तो राष्ट्राच्या ताब्यात असावा, ही ओढ मला समजते. पण तो परत करणे हेच योग्य होते.

पाईसीच्या शब्दांना बळ मिळाले ते एकोणिसाव्या शतकातल्या पैशाने. गाब्रोव्हो, कोतेल, कोप्रिव्श्तित्सा ही डोंगराळ गावे जाड लोकरी कापड विणत आणि ऑटोमन फौजेला गणवेशासाठी पुरवत. त्यातून व्यापारी वर्ग तयार झाला आणि त्याने शाळा उभारल्या. १८२४मध्ये पेटर बेरोनने मुलांसाठी अंकलिपी छापली. शेवटच्या पानावर माशांची चित्रे असल्यामुळे लोक तिला मासेवाली अंकलिपी म्हणू लागले. १८३५मध्ये गाब्रोव्होला बल्गेरियन भाषेतली पहिली आधुनिक धर्मनिरपेक्ष शाळा सुरू झाली. १८५६पासून गावोगाव वाचनालये निघाली. तिथे पुस्तके असत, वर्तमानपत्रे मोठ्याने वाचली जात, नाटके बसवली जात. आज बल्गेरियातल्या अगदी लहान गावातही तसे सार्वजनिक वाचनालय सापडते.

मग आला ३ एप्रिल १८६०, जुन्या पंचांगाप्रमाणे ईस्टरचा रविवार. कॉन्स्टँटिनोपलमध्ये गोल्डन हॉर्नच्या काठावर बल्गेरियनांचे एक लाकडी चर्च होते. राजधानीत हजारो बल्गेरियन शिंपी, माळी आणि व्यापारी राहत आणि त्यांनी ते उभे केले होते. त्या सकाळी इलारियोन माकारिओपोल्स्की हे बिशप उपासना चालवत होते. धर्मपीठाधीशाचे नाव घेऊन प्रार्थना करण्याची वेळ आली तेव्हा जमलेल्या लोकांनी ओरडून विरोध केला आणि इलारियोन यांनी ते नाव गाळले. सुलतानाचे नाव घेतले, धर्मपीठाधीशाचे घेतले नाही. या एका कृतीने बल्गेरियन समाजाने ग्रीक धर्मपीठाशी उघड फारकत घेतली, पण ऑटोमन सत्तेविरुद्ध बंड केले नाही. ही राजकीय हुशारी होती. आम्ही सुलतानाची इमानी प्रजा आहोत, आम्हाला फक्त आमचा धर्मगुरू द्या, अशी ती मागणी होती.

दहा वर्षांच्या झगड्यानंतर, १८७० साली, सुलतान अब्दुल अझीझ यांनी फर्मान काढून स्वतंत्र बल्गेरियन धर्मपीठाला मान्यता दिली. त्या फर्मानाचे दहावे कलम आग्नेय युरोपच्या इतिहासात फार दूरवर पोहोचले. त्यानुसार एखाद्या भागातल्या दोन तृतीयांश ऑर्थोडॉक्स लोकांनी इच्छा दाखवली, तर तो भाग ग्रीक धर्मपीठ सोडून बल्गेरियन धर्मपीठात जाऊ शकत होता. १८७४मध्ये मॅसिडोनियातल्या स्कोपिये आणि ओह्रिद इथल्या लोकांनी प्रचंड बहुमताने बल्गेरियन धर्मपीठ निवडले. कोण बल्गेरियन आणि कोण ग्रीक, याची ही पहिली सार्वजनिक मोजणी होती, आणि ती चर्चच्या माध्यमातून झाली. ग्रीक धर्मपीठाला ते फर्मानच सहन झाले नव्हते. १८७२च्या परिषदेने चर्चमध्ये वंशभेद आणणे हा पाखंड आहे असे जाहीर करून बल्गेरियनांना बहिष्कृत केले. तो बहिष्कार थेट १९४५पर्यंत टिकला. गोल्डन हॉर्नच्या त्याच जागेवर १८९८मध्ये नवे चर्च उभे राहिले. ते लोखंडाचे आहे. त्याचे ओतीव भाग व्हिएन्नात घडवून डॅन्यूब आणि काळ्या समुद्रातून बोटीने आणले गेले. इस्तंबूलला गेलात तर ते अवश्य पाहा.

धर्मपीठ मिळवणारे लोक सावकाश आणि अर्जविनंत्यांच्या मार्गाने चालले होते. दुसरी पिढी अधीर होती. वासिल लेव्हस्की हा त्या पिढीचा सर्वांत आदरणीय माणूस. तो आधी चर्चमध्ये उपधर्मगुरू होता. नंतर त्याने संन्यास सोडला आणि गावोगाव गुप्त समित्या उभारत फिरला. त्याला परकी मदतीच्या भरवशावर मिळणारे स्वातंत्र्य नको होते. राजाही नको होता. त्याच्या डोळ्यांपुढचे प्रजासत्ताक बल्गेरियन, तुर्क, ज्यू अशा सर्वांना समान हक्क देणारे होते. फेब्रुवारी १८७३मध्ये सोफियात त्याला फाशी देण्यात आले. मला वाटते, बल्गेरियन राष्ट्रवादाच्या साऱ्या वाटांमध्ये लेव्हस्कीची वाट सर्वांत उदार होती आणि त्याच्यामागून आलेल्या राज्यकर्त्यांनी त्याचे पुतळे उभारताना नेमकी तीच वाट सोडली.

एप्रिल १८७६मध्ये उठाव झाला. कोप्रिव्श्तित्सात तोदोर काब्लेश्कोव्हने उठावाची वर्दी देणाऱ्या पत्रावर रक्ताने क्रूस काढून ते पानाग्युरिश्तेला धाडले. उठावकऱ्यांनी चेरीच्या खोडाच्या तोफा केल्या होत्या. त्या कितपत चालणार? काही आठवड्यांत उठाव मोडला. बाताक या डोंगरातल्या गावात ऑटोमनांच्या अनियमित फौजेने बायका-मुलांसकट हजारो लोकांची कत्तल केली. अमेरिकन वार्ताहर जानुआरियस मॅकगॅहन यांनी तिथे जाऊन जे पाहिले ते लंडनच्या डेली न्यूजमध्ये छापून आले आणि युरोप हादरला. ब्रिटिश नेते ग्लॅडस्टन यांनी त्याच सप्टेंबरमध्ये याच विषयावर जहाल पुस्तिका लिहून डिझरायली सरकारच्या तुर्कधार्जिण्या धोरणावर हल्ला चढवला. १८७७मध्ये रशियाने युद्ध पुकारले. शिपका खिंडीत आणि प्लेव्हेनच्या वेढ्यात रक्ताचे पाट वाहिले.

३ मार्च १८७८ रोजी कॉन्स्टँटिनोपलजवळच्या सान स्तेफानो या गावी तह झाला. त्यातला बल्गेरिया डॅन्यूबपासून एजियन समुद्रापर्यंत आणि काळ्या समुद्रापासून ओह्रिदच्या पलीकडे पसरला होता. त्याच्या सीमा बऱ्याच अंशी नव्या धर्मपीठाच्या हद्दीशी जुळत होत्या. एवढे मोठे रशियाधार्जिणे राज्य ब्रिटनला आणि ऑस्ट्रियाला नको होते. १३ जुलैला बर्लिनच्या तहाने त्याचे तीन तुकडे झाले. उत्तरेला ऑटोमन छत्राखालचे संस्थान, दक्षिणेला पूर्व रुमेलिया हा स्वायत्त प्रांत, आणि मॅसिडोनिया पुन्हा सुलतानाकडे. सान स्तेफानोचा बल्गेरिया प्रत्यक्षात कधी अस्तित्वातच आला नाही. चार महिने तो फक्त कागदावर होता. तरी पुढच्या साठ-पासष्ट वर्षांचे सारे राजकारण त्या कागदाने वेठीला धरले. शाळेतल्या प्रत्येक मुलाने तो नकाशा पाहिला आणि हा आपला खरा देश, तो आपल्यापासून हिरावला गेला, हे मनात घेऊनच ते मोठे झाले. ३ मार्च हा आजही राष्ट्रीय दिन आहे.

१८७९ची टर्नोव्होची राज्यघटना त्या काळाच्या मानाने अतिशय उदार होती आणि तिने प्रौढ पुरुषांना मताधिकार दिला. १८८५मध्ये पूर्व रुमेलिया संस्थानात सामील झाला. १९०८मध्ये संस्थानाचा अधिपती फर्डिनांडने पूर्ण स्वातंत्र्य जाहीर करून झारपद, म्हणजे राजेपद, घेतले. राहिला मॅसिडोनिया.

१९१२मध्ये बल्गेरिया, सर्बिया, ग्रीस आणि माँटेनेग्रो यांनी मिळून ऑटोमनांना युरोपातून जवळजवळ हुसकावून लावले. सर्वांत मोठी फौज बल्गेरियाची होती आणि सर्वांत जास्त माणसेही त्याचीच पडली. मॅसिडोनियाचा मोठा भाग मात्र सर्बियाने आणि ग्रीसने व्यापला. चिडलेल्या फर्डिनांडने जून १९१३मध्ये आपल्याच दोस्तांवर हल्ला केला. रुमानिया आणि ऑटोमन फौजाही मागून चालून आल्या आणि महिनाभरात बल्गेरिया हरला. त्याच हव्यासापायी १९१५मध्ये बल्गेरिया जर्मनीच्या बाजूने महायुद्धात उतरला आणि १९१९च्या नॉयीच्या तहात एजियनचा किनारा, दक्षिण दोब्रुजा आणि पश्चिमेची सरहद्द गमावून बसला. गमावलेल्या मुलुखांतून निर्वासितांचे लोंढे आले. बल्गेरियन इतिहासकार या दोन पराभवांना पहिला आणि दुसरा राष्ट्रीय अनर्थ म्हणतात, आणि ते योग्यच आहे. शेतकरी पक्षाचे पंतप्रधान अलेक्सांदर स्ताम्बोलीस्की यांनी या चक्रातून बाहेर पडायचा प्रयत्न केला आणि सर्बियाला सामावून बनलेल्या युगोस्लाव्हियाशी समझोता केला. जून १९२३च्या लष्करी उठावात त्यांचा छळ करून खून झाला. करारावर सही करणारा हातही तोडण्यात आला. जो शेजाऱ्याशी जमवून घेईल तो फितूर, हे त्या खुनाने ठरवून टाकले.

दुसऱ्या महायुद्धात बल्गेरिया पुन्हा जर्मनीच्या गोटात गेला आणि मॅसिडोनियाचा व थ्रेसचा मुलूख त्याच्या ताब्यात आला. त्याच काळातली एक घटना बल्गेरियन लोक आपल्या माणुसकीचा पुरावा म्हणून सांगतात आणि तो पुरावा खरा आहे. मार्च १९४३मध्ये ज्यूंना छळछावण्यांत पाठवण्याची तयारी झाली तेव्हा संसदेचे उपसभापती दिमितर पेशेव्ह यांनी सत्ताधारी बाजूच्याच ४२ सदस्यांच्या सह्या घेऊन निषेधपत्र दिले. सोफियाचे बिशप स्तेफान आणि प्लोव्हदिवचे बिशप किरिल ठामपणे आडवे उभे राहिले. बल्गेरियाच्या जुन्या हद्दीतले सुमारे ४८ हजार ज्यू वाचले. पण त्याच महिन्यात नव्याने ताब्यात घेतलेल्या मुलुखातून ११,३४३ ज्यूंना बल्गेरियन पोलिसांनीच पकडून गाड्यांत भरले आणि ते पोलंडमधल्या ट्रेब्लिंका छावणीत मारले गेले. त्या मुलुखातल्या बाकीच्या रहिवाशांना नागरिकत्व देऊ केले गेले होते, ज्यूंना नाही. पहिली गोष्ट सांगताना दुसरी गाळणे हा मेलेल्यांवर अन्याय आहे.

सप्टेंबर १९४४मध्ये सोव्हिएत फौजा आल्या आणि कम्युनिस्ट सत्तेवर बसले. त्यांच्या काळात ओळख ठरवण्याचे काम पक्षाच्या कचेरीत गेले. युगोस्लाव्हियाच्या टिटोशी सख्य होते तोवर देशाच्या नैर्ऋत्येच्या पिरीन भागातल्या लोकांना मॅसिडोनियन म्हणून नोंदवण्याचा आग्रह होता. १९५६च्या जनगणनेत अशा लोकांची संख्या पावणेदोन लाखांच्या वर होती. नंतर धोरण फिरले आणि १९६५च्या जनगणनेत तीच संख्या दहा हजारांच्याही खाली आली. माणसे तीच होती, गावेही तीच होती.

सर्वांत कठोर प्रयोग मुसलमानांवर झाला. रोडोपी डोंगरात पोमाक राहतात. त्यांची भाषा बल्गेरियन, धर्म इस्लाम. भाषेने पाहिले तर ते आपले, चर्चच्या दृष्टीने पाहिले तर परके. राष्ट्राच्या मोजपट्टीत ते कधीच बसले नाहीत, म्हणून १९१२-१३मध्ये त्यांना जबरदस्तीने बाप्तिस्मा देण्यात आला आणि १९७०च्या दशकात त्यांची नावे बदलण्यात आली. डिसेंबर १९८४मध्ये कम्युनिस्ट नेते तोदोर झिव्कोव्ह यांचे सरकार देशातल्या तुर्क अल्पसंख्याकांकडे वळले. कर्जालीच्या भागात ऐन थंडीत लष्कर आणि पोलीस गावांना वेढा घालत आणि घराघरातल्या माणसांना ठरवलेल्या यादीतले बल्गेरियन नाव निवडायला लावत. काही आठवड्यांत आठ लाखांहून अधिक लोकांची नावे बदलली गेली. तुर्की भाषा सार्वजनिक ठिकाणी बोलल्यास दंड होई. दप्तरात मेलेल्यांचीही नावे बदलण्यात आली. विरोध करणाऱ्यांवर गोळ्या झाडल्या, अनेकांना डॅन्यूबमधल्या बेलेने बेटावर कोंडले. सरकारचा दावा असा की हे मूळचे बल्गेरियनच, ऑटोमन काळात बाटवलेले, आता आपल्या मुळाकडे परत येत आहेत.

नाईम सुलेमानोव्ह हा तेव्हा जगातला अव्वल वेटलिफ्टर. त्याचेही नाव बदलून नाउम शालामानोव्ह केले गेले. डिसेंबर १९८६मध्ये मेलबर्नच्या स्पर्धेतून तो निसटला आणि तुर्कस्तानात गेला. १९८८च्या सोल ऑलिंपिकमध्ये त्याने तुर्कस्तानसाठी नाईम सुलेमानोग्लू या नावाने सुवर्णपदक जिंकले. ज्यांना वेटलिफ्टिंगची आवड आहे त्यांना त्याचे हे शेवटचे नाव ठाऊक असेल. मे १९८९मध्ये तुर्क वस्त्यांमध्ये निदर्शने पेटली. झिव्कोव्ह यांनी तुर्कस्तानला दूरचित्रवाणीवरून सीमा उघडण्याचे आव्हान दिले आणि ऑगस्टपर्यंत तीन लाखांहून अधिक माणसे घरे, गुरे, तंबाखूची उभी पिके सोडून सीमेपार गेली. त्यांतली बरीच नंतर परतली. १० नोव्हेंबरला झिव्कोव्ह पायउतार झाले आणि वर्ष संपण्यापूर्वीच नावे परत देण्याचा निर्णय झाला. २०१२मध्ये बल्गेरियाच्या संसदेने या मोहिमेचा निषेध केला आणि १९८९च्या हकालपट्टीला वांशिक सफाई म्हटले. या प्रकरणात वरिष्ठांपैकी एकालाही न्यायालयात अखेरची शिक्षा झाली नाही.

जे लोक शंभर वर्षांपूर्वी आमची भाषा, आमचा धर्मगुरू, आमचे नाव आम्हाला परत द्या म्हणून झगडले, त्यांच्याच राज्याने हे केले, ही गोष्ट मला या साऱ्या इतिहासातली सर्वांत जड वाटते. तरी नव्वदीच्या दशकात शेजारी युगोस्लाव्हिया रक्तात बुडत असताना बल्गेरियात तसे झाले नाही, हेही तितकेच खरे. १९९१च्या राज्यघटनेने वंशाच्या आधारावर पक्ष काढायला बंदी घातली, पण प्रामुख्याने तुर्क मतदारांच्या पाठिंब्यावर उभ्या असलेल्या पक्षाला घटना न्यायालयाने १९९२मध्ये टिकू दिले. तो पक्ष अनेकदा सत्तेच्या तराजूतला निर्णायक गट ठरला.

२००४मध्ये नाटो, २००७मध्ये युरोपीय संघ, आणि आता युरो, असा पश्चिमेकडचा प्रवास पुरा झाला असला तरी रशियाबद्दल समाज दुभंगलेला आहे. १८७८चे मुक्तिदाते आणि १९४४मध्ये ताबा घेणारे, दोघेही एकाच दिशेने आले. डिसेंबर २०२३मध्ये सोफियातले सोव्हिएत सेनेचे स्मारक उतरवायला सुरुवात झाली तेव्हा हा दुभंग रस्त्यावर दिसला. त्यात लोकसंख्येची घसरण: १९८०च्या दशकाच्या अखेरीस ९० लाखांच्या आसपास असलेले लोक २०२१च्या जनगणनेत ६५ लाखांवर आले. अनेक गावे रिकामी होत आहेत.

आणि मॅसिडोनिया अजूनही आहेच. त्यातला सर्बियाकडे गेलेला भाग युगोस्लाव्हियातून बाहेर पडून वेगळा देश झाला, स्कोपिये त्याची राजधानी, आणि आज त्याचे नाव उत्तर मॅसिडोनिया. १५ जानेवारी १९९२ रोजी त्या नव्या देशाला सर्वांत आधी मान्यता देणारा बल्गेरियाच होता. मान्यता राज्याला होती, वेगळ्या राष्ट्राला आणि वेगळ्या भाषेला नव्हती. गोत्से देल्चेव्ह हा दोन्ही देशांचा वीर. १८७२मध्ये कुकुश इथे जन्मलेला, बल्गेरियन धर्मपीठाच्या शाळेत शिकलेला आणि त्याच शाळांमध्ये शिकवणारा, १९०३मध्ये ऑटोमन फौजेशी लढताना पडलेला. त्याच्या अस्थी सोफियात होत्या, १९४६मध्ये त्या स्कोपियेला देण्यात आल्या. सोफियाचे म्हणणे, तो स्वतःला बल्गेरियन म्हणवत होता. कागदपत्रे त्याला दुजोरा देतात. स्कोपियेचे म्हणणे, त्याने मॅसिडोनियाच्या स्वायत्ततेसाठी प्राण दिला. तेही खरे आहे. १८७४ला ओह्रिदमध्ये बल्गेरियन धर्मपीठाला मत देणाऱ्यांची पणतवंडे आज स्वतःला मॅसिडोनियन मानतात. पणजोबा काय म्हणवत होते ते इतिहासकाराने निःशंकपणे सांगावे. पण त्यावरून पणतवंडांना तुम्ही कोण हे बजावण्याचा हक्क कुठल्याही सरकारला पोहोचत नाही, असे माझे मत आहे.

नोव्हेंबर २०२०मध्ये बल्गेरियाने नकाराधिकार वापरून उत्तर मॅसिडोनियाच्या युरोपीय संघातल्या प्रवेशाची बोलणी अडवली. २०२२च्या उन्हाळ्यात फ्रान्सच्या मध्यस्थीने तोडगा निघाला. उत्तर मॅसिडोनियाने आपल्या राज्यघटनेत तिथल्या बल्गेरियनांचा उल्लेख इतर समूहांच्या बरोबरीने करायचा, मग बोलणी पुढे सरकतील. त्या घटनादुरुस्तीसाठी स्कोपियेच्या संसदेत दोन तृतीयांश मते लागतात. २०२४मध्ये तिथे सत्तेवर आलेल्या पक्षाने आहे त्या अटींवर ती करायला नकार दिला आहे आणि बल्गेरिया अटी बदलायला तयार नाही.